खाडीवर कोण न्यायचं

आमच्या सोसायटीतली मुलं माझ्या नवऱ्याला प्राणीआजोबा म्हणतात आणि मला प्राणीआजी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या मुलाला म्हटलं, नुसती आजी म्हण, तेवढं पुरे. तो हसला आणि जाताना पुन्हा 'प्राणीआजी, बाय' म्हणून गेला. त्याचा काही दोष नाही. नवघरमधल्या या इमारतीत मी मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून राहते, पण लिफ्टमधल्या लोकांना माझी ओळख झाली ती ह्यांच्यामुळे, तीही अलीकडे.

हे औषधाच्या बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने घरात माझ्या मागे मागे फिरले. फ्रीज का उघडा ठेवलास, डाळीचा डबा वर का, चहात आलं कमी. मग मुलाने पुण्याहून येताना ह्यांना चांगला मोबाइल आणून दिला आणि माझी सुटका झाली. हे दिवसभर सोफ्यावर बसून त्यात बघत राहायचे. काय बघता म्हणून एकदा मी डोकावले, तर कुठल्या तरी जंगलातला लठ्ठ उंदरासारखा प्राणी गवत खात होता.

संध्याकाळी हे खाली बाकावर बसायला जात. एकदा तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबातला मुलगा रडत बसला होता, मोठ्या मुलांनी खेळात घेतलं नाही म्हणून. ह्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बेटा, बता, चौकोनी शी कौन करता है?" मुलगा रडायचा थांबला. खेळणारी मुलंही येऊन उभी राहिली. मग ह्यांनी त्यांना वॉम्बॅटची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात राहतो, बिळात झोपतो आणि त्याच्या लेंड्या लुडोच्या फाशासारख्या चौकोनी असतात. मुलं हसून हसून लोळली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः बाल्कनीतून पाहिलं. मला पाहताना बरं वाटलं होतं, हेही सांगते. माणसाला काहीतरी उद्योग मिळाला असं वाटलं.

मी खोटं कशाला बोलू, हे सांगतात छान. आमच्या इमारतीत मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, सगळे आहेत, म्हणून अर्धं हिंदी, अर्धं मराठी. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात सांगताना हे छातीवर तीन ठिकाणी हात ठेवतात. समुद्रघोड्याची पिल्लं आईच्या नाही, बापाच्या पोटातून जन्माला येतात हे सांगताना हे स्वतःचं पोट पुढे काढून कमरेवर हात ठेवून चालतात. मुलांच्या आया मागे उभ्या राहून तोंडाला पदर, ओढणी लावून हसतात. एक जण मला म्हणाली, "आंटी, आपके घर में तो कितना मज़ा आता होगा." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

पुढे दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात ह्यांचा वर्गच भरायला लागला. मग जवळच्या शाळेतून बोलावणं आलं, मग दुसऱ्या शाळेतून. शेजारची कॉलेजातली मुलगी ह्यांचे व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकायला लागली आणि ते चॅनल चाललं. हे रस्त्याने जाताना लोक थांबवून फोटो काढू लागले. ह्यांनी दोन रंगीत सदरे शिवून घेतले, एकावर वाघ आहे आणि एकावर पोपट. इस्त्री मी करते.

फुलपाखरू पायांनी चव घेतं, ही ह्यांची फार लोकप्रिय गोष्ट आहे. ती सांगताना हे एका मुलाला बूट काढायला लावतात आणि पायाखाली चॉकलेट धरतात. ही गोष्ट मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली तेव्हा ताट वाढत होते. माझा हात थांबला. कारण ती मी याच घरात, याच जेवणाच्या जागी आधी ऐकली होती. आमचा मुलगा तेव्हा तिसरीत की चौथीत होता. शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक वाचून आला होता आणि जेवताना म्हणाला, "बाबा, तुम्हाला माहितीये, फुलपाखरू पायांनी चव घेतं." ह्यांनी वरण ओरपलं आणि म्हणाले, "जेवताना बोलू नकोस." तेवढंच. रागावले नव्हते. रागवण्याइतकं लक्षही नव्हतं.

आता खाडीचं सांगते.

मी तेव्हा भाईंदरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जात होते. वाट्या, पेले कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. आमच्या गाळ्याला शुक्रवारी सुट्टी असायची, ह्यांना रविवारी. म्हणजे आम्हा नवराबायकोला एका दिवशी सुट्टी कधी मिळालीच नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईटही वाटलं नाही. शुक्रवारी दुपारी शाळा सुटली की मी मुलाला घेऊन घरी न येता सरळ खाडीकडे जायचे. तेव्हा नवघरच्या मागे इतक्या इमारती नव्हत्या. गावातली घरं संपली की मिठागरं लागायची. त्यांच्या बांधावरून चालत गेलं की तिवरांची झुडपं, आणि तिवरांच्या पलीकडे चिखल. पाणी उतरलेलं असलं तर लांबपर्यंत नुसता चकाकणारा चिखल.

मी रत्नागिरीकडची. माझ्या माहेरीही खाडी होती, म्हणून मला तो वास आवडायचा. मुलाला मी पहिल्यांदा नेलं ते माझ्यासाठी, त्याच्यासाठी नाही. पण तिथे गेल्यावर तो बांधावर पोटावर झोपला आणि मला म्हणाला, "आई, इकडे ये, हळू ये, मासा चालतोय."

खरंच चालत होता. बोटाएवढा, चिखलाच्या रंगाचा, डोळे डोक्यावर बसवल्यासारखे. पुढच्या दोन परांवर जोर देऊन सरपटत होता आणि मध्येच उडी मारत होता. नवघरच्या गावातली एक म्हातारी बाई चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, शोधत होती. मुलाने तिला विचारलं हे काय आहे. ती म्हणाली, "निवटी हाय ती. मासाच हाय, पन पान्यात रमत न्हाय." मुलाला ते वाक्य इतकं आवडलं की कितीतरी दिवस घरात म्हणत फिरायचा, पान्यात रमत न्हाय.

तेव्हापासून आमचा शुक्रवार ठरला. मी घरून काहीतरी खायला करून न्यायचे, आम्ही बांधावर बसून खायचो आणि निवट्या बघायचो. निवटी अंगाच्या कातडीतून श्वास घेते, फक्त अंग ओलं पाहिजे. डोळे कोरडे पडले की ते खोबणीत आत ओढून भिजवून पुन्हा वर काढते. हे सगळं मला मुलाने सांगितलं, त्याने कुठून कुठून वाचून काढलेलं. ओहोटी असेल तरच निवट्या दिसतात, भरतीला तिथे पाण्याशिवाय काही नसतं, हे मात्र आम्ही दोघं हेलपाटे मारून शिकलो. ओहोटी कधी आहे ते मी गाळ्यातल्या एका उत्तनच्या बाईला विचारून ठेवायचे. तिच्या घरची होडी होती.

एका शुक्रवारी त्याने एक निवटी घरी आणली. कॉफीच्या बरणीत थोडा चिखल, थोडं खाडीचं पाणी, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. मी नको म्हणायला हवं होतं, पण त्याचा चेहरा बघून म्हटलं, आजची रात्र ठेव, उद्या सोडून देऊ. त्याने ती बरणी खिडकीत ठेवली आणि समोर बसून राहिला. संध्याकाळी हे कामावरून आले. घरात चिखलाचा वास येत होता. ह्यांनी बरणी बघितली, काय आहे विचारलं. मुलगा भराभरा सांगायला लागला, मासा आहे पण चालतो, कातडीने श्वास घेतो. ह्यांनी ऐकून घेतलं नाही. बरणी उचलली, संडासात जाऊन ओतली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. बाहेर येऊन म्हणाले, "घर आहे हे. आणि मासे बघून पोट भरणार आहे का तुझं?"

मुलगा रडला नाही. हे अंघोळीला गेल्यावर माझ्याजवळ येऊन त्याने हळूच विचारलं, "आई, संडासाचं पाणी शेवटी खाडीतच जातं ना?"

मी म्हटलं, हो, खाडीतच जातं.

त्यानंतरही आम्ही जात राहिलो, पण घरी बोलत नसू. चपला खालच्या नळावर धुऊन वर यायचो. तो दहावीला गेल्यावर क्लास सुरू झाले आणि शुक्रवार संपला.

बारावीनंतर त्याला प्राणिशास्त्र घ्यायचं होतं. बी.एस्सी. करीन, पुढे शिकीन, म्हणत होता. ह्यांनी कंपनीतल्या साहेबाला विचारून ठरवून टाकलं होतं, मेकॅनिकल. घरात भांडण झालं असं म्हणता येणार नाही, कारण भांडायला दोन माणसं लागतात. हे बोलले आणि तो ऐकत राहिला. मग त्याने एक वाक्य म्हटलं, "मला नाही जमणार, बाबा," आणि ह्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. अॅडमिशन होईपर्यंत बंद. मी मधल्या मध्ये एकाचं दुसऱ्याला सांगत होते. शेवटी मुलानेच हात टेकले. आज तो चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, चांगला पगार आहे, घर आहे, बायको समजूतदार आहे. कशाला नावं ठेवावीत असं काही नाही. सणावाराला येतो. बापाशी क्रिकेटचं बोलतो, गाडीच्या मायलेजचं बोलतो. प्राण्यांबद्दल मी त्याच्या तोंडून पुढे काही ऐकलं नाही. त्याच्या घरी साधा माशांचा काचेचा टँकही नाही.

त्याची मुलगी, माझी नात, आता दुसरीत आहे. ती मात्र आजोबांचे सगळे व्हिडिओ पाठ असल्यासारखी बघते. वर्गात सांगते, हे माझे आजोबा आहेत. फोनवर मला आधी विचारते, आजोबा कुठेत.

मागच्या हिवाळ्यात इथल्या एका मंडळाने ह्यांचा सत्कार ठरवला. ह्यांनी मुलाला स्वतः फोन केला. सगळ्यांनी यायचंच, म्हणाले. ह्यांनी आपणहून मुलाला केलेला असा फोन मला दुसरा आठवत नाही. ती मंडळी शनिवारी आली. रविवारी सकाळी आम्ही सगळे हॉलवर गेलो. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. नात मध्ये, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचा बाबा, पलीकडे सून. हॉल मुलांनी भरला होता.

ह्यांनी वाघाचा सदरा घातला होता. वॉम्बॅट झाला, ऑक्टोपस झाला, बूट काढायला लावून फुलपाखरू झालं. माझ्या मुलाने फुलपाखराच्या वेळी मान खाली घातली आणि मोबाइल बघितला. मला वाटलं, याला आठवलं. मग शाल-श्रीफळ झालं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ह्यांना विचारलं की प्राण्यांची ही आवड तुम्हाला लागली कुठून.

हे थोडा वेळ गप्प राहिले. गप्प राहणंही ह्यांना आता जमतं. मग म्हणाले, "माझ्या मुलामुळे."

मी मुलाकडे पाहिलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला होता.

"हा लहान होता तेव्हा मी याला दर रविवारी खाडीवर घेऊन जायचो," हे म्हणाले. "आठवडाभर कंपनीत राबायचो, पण रविवार बापलेकाचा."

आणि मग सगळं सांगितलं. मिठागराचा बांध सांगितला, तिवरं सांगितली, पोटावर झोपून निवट्या बघणं सांगितलं. निवटी डोळे कसे आत ओढते ते स्वतःचे डोळे मिचकावून दाखवलं, मुलं खिदळली. हे ह्यांना कुठून कळलं असेल याचा मी तिथे बसून विचार करत होते. बरणीनंतर आम्ही घरी बोलत नव्हतो. पण घर लहान, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्याआधी मुलगा मला सांगत असताना हे पेपर वाचत बसलेले असत. म्हणजे ऐकत होते. त्या वेळी हूं म्हटलं नाही, पण ऐकत होते.

शेवटी बरणी आली. "एकदा याने एक निवटी बरणीत घालून घरी आणली," हे म्हणाले. "मी रागावलो नाही. मी याला जवळ घेतलं आणि म्हटलं, बाळा, तुला तुझं घर आवडतं ना? तिचं घर खाडी आहे. मग आम्ही दोघं परत गेलो आणि तिला सोडून आलो. ती चिखलात शिरण्याआधी एकदा मागे वळून बघत होती, बरं का."

हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. माझ्या मागच्या बाई डोळे पुसत होत्या. सूत्रसंचालक बाईंनी विचारलं, कुठे आहेत ते चिरंजीव, आणि ह्यांनी स्टेजवरून बोट दाखवलं.

मला वाटलं मुलगा बसून राहील. निदान मला तशी आशा होती. तो उठला, मागे वळला, हात जोडले. हसला सुद्धा. नात खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी तिचा फ्रॉक धरून ठेवला होता, पडेल म्हणून.

घरी आल्यावर सून पानं घ्यायला लागली आणि मी ह्यांच्या मागे आतल्या खोलीत गेले. हे शालीची घडी घालत होते. मी दार लोटलं आणि विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात खाडीवर?"

हे म्हणाले, "अगं, कार्यक्रमात थोडं रंगवून सांगावं लागतं."

मी म्हटलं की रंगवणं वेगळं. बरणी तुम्ही संडासात ओतली होती. शुक्रवारी त्याला मी न्यायचे. तुम्हाला तो रस्ताही माहीत नाही.

ह्यांना राग आला नाही, तेच मला जास्त लागलं. शाल कपाटात ठेवता ठेवता समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मी नेलं काय आणि तू नेलं काय, मुलगा तर एकच ना? बापाची गोष्ट असली की लोकांना भिडते. आईने नेलं यात काय मोठं, आया नेतातच."

यावरचं उत्तर मला सुचलं ते नंतर, भांडी घासताना, आणि तेव्हा समोर कोणी नव्हतं.

जेवणं झाल्यावर नात ह्यांच्या गळ्यात पडली, आजोबा, मला पण निवटी दाखवा, आत्ताच. सोमवारी पहाटे त्यांना परत जायचं होतं. ह्यांनी गुडघ्याचं कारण काढून पाहिलं, ऊन आहे म्हणून पाहिलं, ती ऐकेना. मग हे स्वयंपाकघरात आले आणि मला हळूच म्हणाले, कुठून जातात गं तिकडे आता?

मी सांगितलं की मिठागराच्या बाजूने आता वाट नाही, इमारती झाल्यात आणि पत्रे लावलेत. पश्चिमेला जेट्टीवर जा, स्टेशनचा पूल ओलांडून रिक्षा करा. तेवढं सांगितलं. आमच्या बाल्कनीतून नाला दिसतो. खाडीचं पाणी चढायला लागलं की तो फुगतो आणि वरचा कचरा उलटा, आत येताना दिसतो. मी तो बघत होते. भरती लागली होती. हे मी सांगितलं नाही. नातीला मी टोपी घातली आणि पाण्याची बाटली दिली.

ती दोघं गेल्यावर सून बॅगा भरायला बसली. मुलगा स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. लहानपणी असाच उभा राहायचा. मी चहा ठेवला आणि त्याला विचारलं, "हॉलमध्ये तू का उभा राहिलास?"

तो म्हणाला, "ती टाळ्या वाजवत होती, आई. तिच्यासमोर काय करू?"

मी म्हटलं, बरं, तिथे नाही तर नाही. घरी येऊन तरी बापाला काही बोलायचंस. तो चहाच्या भांड्याकडे बघत राहिला. उकळी आली, मी गॅस बारीक केला. मग तो म्हणाला, "खरं सांगू? ऐकताना मला बरं वाटलं. ते म्हणाले ना, जवळ घेतलं, सोडून आलो. क्षणभर वाटलं, असंच झालं होतं. मला ते तसंच राहू दे, आई."

"आणि मी?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही असं नाही. तो हुशार आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला, म्हणजे तोपर्यंत हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. "तू तर आहेसच ना," तो म्हणाला. मी चहा गाळला. त्याने कप घेतला आणि बायकोला मदत करायला म्हणून बाहेर गेला.

नवऱ्याकडून मी अपेक्षा करणं कधीच सोडलं होतं. त्यांनी माझं काही नेलं तर मला राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही. पण माझ्याजवळ त्या मुलाचं लहानपण होतं. दुसरं काही मी कमावलं नाही. गाळा बंद पडला, तिथल्या बायका कुठे कुठे गेल्या, माझ्या हातच्या वाट्या-पेले कोणाच्या घरी आहेत कोण जाणे. त्या शुक्रवारांना साक्षीदार एकच होता, आणि त्याने माझ्या समोर उभं राहून साक्ष दुसऱ्याच्या बाजूने दिली. का दिली तेही मला कळतं. त्याला आई भरपूर मिळाली होती. बाप मिळाला नव्हता. कळतं, तरी पोटातलं काही कमी होत नाही.

दिवेलागणीला ती दोघं परत आली. नात रडवेली झाली होती. नुसतं पाणीच होतं, म्हणाली, आणि होड्या. ह्यांनी तिला आइस्क्रीम दिलं होतं, ते फ्रॉकवर सांडलं होतं. हे म्हणाले, आजकाल प्रदूषण वाढलंय, निवट्या राहिल्याच नाहीत. माझा मुलगा तिथेच सोफ्यावर बसला होता. त्याने बापाकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली नाल्याकडे पाहिलं, तो काठोकाठ भरला होता, आणि मग माझ्याकडे. मी नेहमी ओहोटीची वेळ विचारून ठेवून मगच त्याला नेत होते, हे त्याला त्या क्षणी आठवलं, आणि मी आज मुद्दाम सांगितलं नाही हेही कळलं. तो मुलीला मांडीवर घेऊन तिचा फ्रॉक रुमालाने पुसत बसला. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. ह्यांच्यासाठी वाटलं नाही.

आठवड्याने शेजारच्या मुलीने ह्यांचा निवटीवर व्हिडिओ काढला. चित्रं मोबाइलवरून घेतली आणि गोष्ट ह्यांच्या तोंडून, रविवार, बांध, बरणी, सगळं. तो ह्यांचा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ आहे. खाली लोकांनी लिहिलंय, असा बाप सगळ्यांना मिळो. माझ्या मुलाने खाली एक हृदय टाकलंय, तांबडं. मी चष्मा लावून दोनदा बघितलं, नाव त्याचंच होतं.

हे आता ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगतात. सांगता सांगता ती वाढत चाललीय. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मीरा रोडच्या एका शाळेत कार्यक्रम होता, बाईंनी आग्रह केला म्हणून मीही गेले. तिथे मी पहिल्यांदा ऐकलं की आता गोष्टीत मीसुद्धा आहे. रविवारी पहाटे उठून मी बापलेकांना डबा भरून द्यायचे आणि दारात उभी राहून हात हलवायचे. ह्यांनी माझ्याकडे हात केला, मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि विचारायला लागली, "आजी, तुम्ही डब्यात काय द्यायचात?"

मी तिला खरं काय ते सांगू शकले असते. ती लहान होती, तिने ऐकलंही असतं, आणि बाजूला तिच्या बाई उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं असतं. हे लांब मुलांच्या घोळक्यात फोटो काढून घेत होते. मी त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं.

"घावणे," मी म्हटलं. "घावणे आणि गूळ-खोबरं."

निदान ते खरं होतं. शुक्रवारी आम्ही बांधावर बसून तेच खायचो. संध्याकाळी रिक्षात ह्यांनी तो विषय काढला, शाळेत कोणीतरी ह्यांना ते सांगितलं होतं. हे खूश झाले, हे सुचलंच नव्हतं म्हणाले. पुढच्या शाळेत गोष्टीत घावणे आले.